कप जिंकायचा, माणसाला हरवायचं

सोमवार, जेवणाच्या सुट्टीत

आणि हे मला कुणी सांगावं, तर एका कवायतीच्या मास्तरानं. तू नाही सांगितलंस, तुझ्या बायकोनं नाही, तुझ्या लेकीला साऱ्या जगाच्या चहाड्या सांगता येतात, तिनंही नाही. माझा सख्खा धाकटा भाऊ शिक्षकांच्या बुद्धिबळाच्या स्पर्धेत थेट शेवटच्या सामन्यापर्यंत पोचतो, येत्या रविवारी खेळायला बसणार असतो, आणि बहिणीला ते कळतं कुठे, तर दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या चतकोर कागदावर. कळलं तेव्हा माझ्या तोंडात चहाचा घोट होता. तो कागदावर गेला. कागदावर तुझं नाव होतं, त्यामुळे पहिला डाग तुझ्यावरच पडला, आणि बरं झालं. तुला काय वाटलं, ताईला कळलं तर ती हॉलमध्ये येऊन तुझ्या खुर्चीमागे उभी राहील आणि घोडा हलव, घोडा हलव करील? (करीन. पण म्हणून सांगायचंच नाही?)

एवढं लिहून झाल्यावर लक्षात आलं की पत्राला आधी डोकं लागतं. तर हे घे डोकं, वर चिकटव आणि वाच. चिरंजीव मास्तर यास, ताईचे आशीर्वाद, जेवढे मावतील तेवढे. आम्ही इकडे ठीक आहोत. ह्यांचा गुडघा दुखतो, पण फक्त जिना चढताना, आणि हातात सामान असेल तरच. तुझा खोकला कसा आहे? भावजयीला आशीर्वाद, आणि तिला म्हणावं, नवरा कळवत नव्हता तर तिनं कळवायचं होतं, नाहीतरी तिचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. लेकीचा पुढचा दात आला का? झालं डोकं. आता पुढे वाच, आणि मधली पानं गाळू नकोस. (माझी पत्रं तू शेवटाकडून वाचतोस हे मला तुझ्या बायकोनंच सांगितलंय. या वेळी तसं केलंस तर पस्तावशील.)

बावीस वर्षांत तू आमच्या दुकानात दोनदा आलास आणि दोन्ही वेळा फार आवाज आहे म्हणून बाहेर उभा राहिलास, तेव्हा मी काय करते ते तुला ठाऊक असायचं कारण नाही. ऐक. आमच्याकडे कप, ढाली, पदकं मिळतात. कुणी पळण्यात जिंको, पोहण्यात जिंको, नाहीतर सुंदर अक्षर काढण्यात, त्याच्या हातात शेवटी जे चमकतं ते आमच्याकडून जातं. ते चमकवते मी. पॉलिशचं चाक गरागरा फिरतं, त्याच्यासमोर मी दिवसभर उभी, नाकातोंडात काळी भुकटी, आणि संध्याकाळी माझा रुमाल बघितला तर वाटावं बाई खाणीतून वर आली. चाकाच्या पलीकडे खिडकी आहे. खिडकीपाशी एक उंच स्टूल आहे. त्याला पाठ आहे, गादी आहे, समोर उजेड आहे. तिथे ठसेकाका बसतात. काकांच्या पुढ्यात लाकडी पेटी, पेटीत सव्वीस खाने, खान्यांत इंग्रजी अक्षरांचे बोटाएवढे पोलादी ठसे. पितळेच्या पट्टीवर ठसा उभा धरायचा, वरून हातोडीचा एक घाव, की अक्षर उमटलं. एकच घाव. दुसरा मारला की अक्षराला सावली पडते. काका चाळीस वर्षं हे करतायत. आता त्यांचा हात थरथरायला लागलाय. महिनाअखेरीला ते घरी बसणार आणि स्टूल रिकामं होणार.

त्या स्टुलावर माझा डोळा आहे. उगाच लाजत नाही, सरळ लिहिते. बावीस वर्षं मी उभी आहे, आता मला बसायचंय. खिडकीतून दिसतं काय, तर मागच्या छत्रीवाल्याची भिंत. ती मला बसून बघायचीय.

दुसरा डोळा मालकांच्या मेहुण्याचा. हा गृहस्थ कामावर टाय बांधून येतो, म्हणून सगळे त्याला टायवाले म्हणतात. (एकदा टाय चाकात गेला होता. चाक मी बंद केलं. माझे आभार नाही मानले, दुसरा टाय आणला.) इंग्रजी फाडफाड बोलतो, फोनवर तर तोंडात गरम घास धरल्यासारखा बोलतो. हातोडी मात्र अशी धरतो, जणू तिच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी हात धरलाय आणि ते घरच्यांना कळेल अशी भीती आहे. पण मालकांच्या घरात मालकांची बायको आहे आणि ती त्याची सख्खी बहीण आहे. बहिणी भावांसाठी काय काय करतात ते तुला सांगायला नको. (सांगायला हवं, पण ते पुढे.)

तीन महिने मी जेवणाच्या सुट्टीत काकांकडून ठसे मारायला शिकतेय, भंगार पट्ट्यांवर. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, पुढची शाळा का सुटली ते लिहीत नाही, तू तेव्हा पाळण्यात पाय झाडत होतास. इंग्रजी अक्षरं मला ठशांवरूनच कळली, आणि ठशावरचं अक्षर असतं उलटं, मारल्यावर सुलटं होतं. त्यामुळे मला इंग्रजी येतं, पण पाठीकडून. रस्त्यावरची पाटी वाचताना मी अजून अडखळते, तीच आरशात दाखवली तर घडाघडा वाचते. काकांनी मला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पट्टीखाली चामडं घातल्याशिवाय घाव घालायचा नाही. दोन, हळू मारा बाई, पितळ आहे, नवरा नाही.

पण नुसते ठसे मारून भागत नाही. काकांचं म्हणणं, स्टुलावर बसणाऱ्याला आपण काय मारतोय ते कळलं पाहिजे, कारण गिऱ्हाईक इंग्रजीत वाटेल ते लिहून आणतं आणि मागाहून बोट दुकानाकडे दाखवतं. आणि आमच्या धंद्यात दहांतल्या नऊ कागदांवर जिंकण्याहरण्याचंच असतं. म्हणून मी तुला पत्र टाकून विचारलं, की बाबा रे, विन आणि बीट आणि डिफीट यांत फरक काय. तू चार पानं पाठवलीस. लाल शाईनं रेघा मारून. खाली सरावासाठी दहा वाक्यं. अरे, मी तुझी बहीण आहे, पाचवी ब नाही. चार पानांतून मला जे कळलं ते एवढंच, की विन म्हणजे जिंकणं आणि त्याच्यापुढे वस्तू येते, कप म्हण, सामना म्हण, पैज म्हण, निवडणूक म्हण. बीट म्हणजे हरवणं आणि त्याच्यापुढे माणूस येतो, नाहीतर माणसांचा घोळका. डिफीट म्हणजे बीटच, पण इस्त्री करून, लढाईत आणि पेपरात घालायचा. माणूस विन करता येत नाही आणि कप बीट करता येत नाही. संपलं. आपण तरी दुसरं काय बोलतो? आपण कप जिंकला म्हणतो. मी कप हरवला म्हटलं तर घरातले सगळे कपाटाखाली वाकून बघायला लागतील.

तरी नियम मी घरी वापरून पाहिला. त्या आठवड्यात पंख्यावरून ह्यांचा माझा वाद झाला होता, वारा कुणाच्या अंगावर यावा यावरून, आणि बोलण्यात हे माझ्यापुढे टिकले नव्हते. मी म्हटलं, बघा, वाद मी जिंकले, याला विन म्हणायचं. आणि तुम्हाला हरवलं, याला बीट. हे म्हणाले, बरं. पंखा अजून त्यांच्याच बाजूला फिरतोय. म्हणजे विन झालं आणि बीट राहूनच गेलं. असंही होतं हे तुझ्या चार पानांत कुठेच नव्हतं. आणि वर त्याच पत्राच्या शेवटी तू स्वतःच्या हातानं लिहितोस, त्या भूगोलवाल्यांना एकदा तरी जिंकायचंय. माणसाला जिंकायचंय? चार पानं मला शिकवून पाचव्यावर स्वतः घसरलास. मी तिथे पेन्सिलीनं फुली मारून ठेवलीय, येशील तेव्हा दाखवीन.

आता कवायतीचे मास्तर. ते तुमच्या शिक्षक मंडळाचे सेक्रेटरी आहेत हे तुला माहीत आहे, मला गेल्या गुरुवारी कळलं. दरवर्षी ते आमच्या समोरच्या दुसऱ्या कपढालींच्या दुकानात जातात, यंदा का कोण जाणे आमच्याकडे आले. टायवाल्यानं त्यांचा कागद घेतला, मोठ्यानं इंग्रजीत वाचला आणि वा म्हणाला. मी चाकापाशी होते, पण माझे कान काही चाकात नसतात. कागदावर अमक्यानं तमक्याला शेवटच्या सामन्यात विन केलं, असं होतं, अमका तमका कोण ते सामना झाल्यावर कळवू. मी चाक बंद केलं. काळे हात तसेच घेऊन पुढे गेले आणि म्हटलं, मास्तर, माणूस विन करत नाहीत. माणसाला बीट करतात, विन करतात तो कप. कवायतीला गैरहजर राहिलेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि विचारलं, बाई, तुमचं शिक्षण किती? मी म्हटलं, तिसरी. तुमचं? ते कागद खिशात घालून समोरच्या दुकानात गेले. चालत नाही गेले, डावा उजवा करत गेले.

मालकांनी कपाळाला हात लावला. टायवाल्यानं टाय सरळ केला. मी बरोबर होते आणि गिऱ्हाईक गेलं होतं, आणि बरोबर असण्याची ती पद्धत मला मुळीच आवडली नाही. मनातल्या मनात तुला चार शिव्या दिल्या, पानाला एक. पण अर्ध्या तासानं मास्तर परत आले. समोरच्यांनी पंधरा दिवस लागतील म्हणून सांगितलं होतं. इकडेतिकडे बघत म्हणाले, ठीक आहे, बीट घाला. तेव्हा खिडकीतून काका बोलले. म्हणाले, बीटही नको. कपावर हरलेल्याचं नाव घालत नसतात. कुणी जिंकला आणि काय जिंकलं, एवढंच. नाहीतर हरलेला बिचारा दुसऱ्याच्या कपाटात जन्मभर उभा राहतो. मास्तरांना ते पटलं. (माझं पटायला अर्धा तास आणि समोरचं दुकान लागलं होतं.) मालकांनी समेटाचा चहा मागवला. मास्तरांनी दुसरा चतकोर कागद घेऊन त्यावर शेवटच्या सामन्यातल्या दोघांची नावं लिहिली, मी चहाचा घोट घेतला, कागद बघितला, आणि पुढचं तुला वर सांगितलंच आहे.

एक नाव तुझं. दुसरं तुझ्या त्या भूगोलवाल्यांचं, पलीकडच्या शाळेचे, तीन वर्षं ओळीनं शेवटच्या सामन्यात तुला हरवणारे. तीन वेळा आधी सांगून हरलास म्हणून या वेळी कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं असशील. कळतं मला. कळतं, पण माफ नाही.

आता आमच्या धंद्यातली आतली गोष्ट सांगते, बाहेर बोलू नकोस. कप तिथल्या तिथे द्यायचा असतो आणि कोण जिंकणार ते आधी कळत नाही. म्हणून पट्टी एकच असते, पण दोन्ही अंगांनी भरलेली. एका बाजूला एकाचं नाव, पालथी केली की दुसऱ्याचं. सामना संपला की आम्ही पडद्यामागे स्क्रू घेऊन तयार. जो जिंकेल त्याची बाजू वर, दुसरी बाजू कपाच्या पोटाशी, कायमची. लोकांना वाटतं अध्यक्षांना भाषणाची हौस आहे. हौस कसली, पट्टी लागेपर्यंत त्यांना बोलत राहायला सांगितलेलं असतं. शेवटचा स्क्रू बसला की पडद्यातून हात दाखवायचा, मग ते एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो म्हणतात. पद्धत सगळ्या दुकानांची हीच. म्हणजे भूगोलवाल्यांच्या कपाटातल्या तिन्ही कपांवर, त्यांच्या नावाच्या मागे, तुझं नाव आहे. जिंकलेला म्हणून. तीन वेळा. हे तुला सांगावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला.

इकडे मालकांना घरून बायकोचा आणि दुकानातून काकांचा असा दोन्हीकडून जाच होता. त्यांनी यातच परीक्षा काढली. पहिल्या नंबरच्या कपाची पट्टी मी करायची, दुसऱ्या नंबरच्या ढालीची टायवाल्यानं. दोघांना एकेक पट्टी, कोपऱ्यात मालकांच्या हातची खूण, बदलायची नाही. रविवारी पट्ट्या लागल्या की काका आणि मालक बघणार, जिची चांगली तिचं, किंवा ज्याची चांगली त्याचं, स्टूल. वर लागलेली बाजूच बघणार. पोटाशी काय आहे ते आमच्या धंद्यात कुणी विचारत नाही. तू माझा भाऊ हे फक्त काकांना सांगितलंय. मालकांना कळायचं कारण नाही, आपली आडनावं वेगळी.

पट्टी मी शनिवारी केली. आधी भूगोलवाल्यांची बाजू, मग तुझी. तुझं नाव झालं आणि आडनावाचं पहिलं अक्षर हातात घेतलं तेव्हा लक्षात आलं की हे माझंही आडनाव होतं. लग्नानंतर ते मी कुठेच लिहिलेलं नाही. आणि आता लिहायचं ते पितळेवर, इंग्रजीत, हातोडीनं. हात जरा हलका पडला. पण अक्षरं सरळ ओळीत आहेत, दोऱ्यानं आखल्यासारखी. टायवाल्याची अक्षरं जिना चढल्यासारखी वर गेलीयत. (मालकांच्या बायकोला ती चढण फार कलात्मक वाटली.) तेव्हा माझी दोन्ही अंगं भरून झाली, काळजी नसावी.

तर रविवारी मी येणार, पडद्यामागे असेन. तू डोकं शांत ठेव. खोकल्याचं औषध घेऊन बस. भूगोलवाल्यांना बीट कर, कप विन कर, आणि पुन्हा त्यांची अदलाबदल करू नकोस. घोडा सांभाळ.

तुझी,
ताई

ता.क. दोन्ही अंगं भरून झाली असं वर लिहिलंय ते खरं आहे. कशी भरली ते लिहिलं नव्हतं. भूगोलवाल्यांच्या नावाला अकरा अक्षरं आहेत. पहिला ठसा हातात घेतला आणि मला तो पहिल्या वर्षीचा तू आठवलास, हरून माझ्याकडे आलास आणि भूक नाही म्हणालास. मग दुसऱ्या वर्षीचा, पाहुण्यांमुळे झोप झाली नव्हती म्हणणारा. तिसऱ्या वर्षी तर काही कारणच सांगितलं नाहीस. अकरा अक्षरं, अकरा घाव, आणि पट्टीखाली चामडं घालायचं मी साफ विसरले. त्यांची बाजू अशी उठलीय की काकांनी ती उजेडात धरली आणि चष्मा पुसून पुन्हा बघितली. चाळीस वर्षांत एवढं खोल, एवढं स्वच्छ अक्षर त्यांच्याही हातून गेलं नसेल. मग त्यांनी पट्टी पालथी केली आणि पुन्हा चष्मा पुसला, पण ते पुसणं निराळं होतं. घाव आरपार आलेत. तुझ्या नावामधून भूगोलवाल्यांचं नाव फोड आल्यासारखं वर आलंय, उलट्या अक्षरांत. इतरांना नुसतं पुरळ दिसेल. मला उलटं लवकर वाचता येतं, त्यामुळे मला तुझ्या आधी तेच दिसतात.

ता.क. दुसरा. म्हणजे आता असं आहे बघ. भूगोलवाले जिंकले तर त्यांची बाजू वर लागते आणि स्टूल माझं. तू जिंकलास तर पुरळ वर येतं आणि स्टूल टायवाल्याचं. मी काही म्हणत नाही. समोर आहे ते मांडलं. तुला हरायची थोडी सवय आहे, त्यांना जिंकायची आहे, सवयी एकदम मोडू नयेत म्हणतात. शिवाय चार चार तास बसायचं, तुला खोकला. लहानपणी आपण सापशिडी खेळायचो तेव्हा मी शेवटच्या रांगेत मुद्दाम घरं चुकीची मोजून सापाच्या तोंडी जायची, कारण तू हरलास की जेवायचा नाहीस. तुला वाटायचं तू फार हुशार आहेस. तुला आजपर्यंत सांगितलं नव्हतं, आज का सांगितलं ते तुझं तू समज. एक घोडा, मास्तर. एकच घोडा भलत्या घरात.

ता.क. तिसरा, घरी आल्यावर. वरचा मजकूर ह्यांना वाचून दाखवला. हे पंख्याकडे बघत म्हणाले, म्हणजे स्टूल जिंकशील आणि भावाला हरवशील. (चार पानं न वाचता ह्यांना नेमकं जमलं.) त्यानंतर जेवणात माझं लक्ष लागलं नाही. तेव्हा दुसरा ता.क. खोडला असं समज. पान फाडून टाकलं असतं, पण पाठीमागे पहिला ता.क. आहे आणि तो तुला वाचायला हवा.

ता.क. शेवटचा, मंगळवारी. काकांना विचारलंय. उपाय आहे, पण एकच. तुझ्या बाजूचे फोड हातोडीनं ठोकून खाली बसवता येतात, वर कापडानं घासलं की तुझी बाजू आरशासारखी होईल. पण फोड बसले की पलीकडची अक्षरं बुजतात. भूगोलवाल्यांचं नाव जाईल ते जाईल. मग ते जिंकले तर कपावर लावायला काहीच उरणार नाही, अध्यक्ष संध्याकाळपर्यंत बोलत राहतील, आणि माझं स्टूल जाईलच, चाकही जाईल. म्हणजे दोन्ही बाजू राखता येत नाहीत, एकच राखता येते, आणि कुठली ते रविवारच्या आधी ठरवायचंय. तेव्हा मला खरं कळव. जिंकणार असशील तर जिंकतो एवढंच लिही, मी ठोकायला घेते. नसशील तर तसं लिही, मी पट्टीला हात लावत नाही आणि तुला काही बोलणारही नाही. (बोलीन, पण पुढच्या महिन्यात.) मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, आणि स्टुलासाठी म्हणून तर मुळीच नको, सापशिडी पुरे झाली. शुक्रवारी अकराला टपाल येतं. साडेअकरापर्यंत तुझं उत्तर हातात पडलं नाही, तर मी हातोडी घेऊन बसणार आणि तुझ्याच बाजूनं ठोकणार आहे. ते परवडत नसेल तर आजच्या आज लिही. शुक्रवार, अकरा.